पाणपट्टी आणि मीटर : आपल्या घरचा अनुभव सांगाल का?

सदरबझारची लेक

काल शेजारी मीटरचे आकडे टिपणारा माणूस आला आणि त्याने अंगणातल्या खड्ड्यावरचे लोखंडी झाकण उचलले. त्या करकर आवाजाने मी एकदम लहानपणात गेले. साताऱ्यात सदरबझारला आम्ही भाड्याने राहत होतो, तेव्हा दर महिन्याच्या एक तारखेला वडील असेच झाकण बाजूला सारून गुडघ्यांवर बसायचे, मीटरच्या काचेवरची ओली माती अंगठ्याने पुसायचे आणि मला आकडे मोठ्याने वाचायला लावायचे. काळे आकडे युनिटचे, लाल काटे लिटरचे आणि एक युनिट म्हणजे हजार लिटर, हे मला शाळेत शिकवण्याआधीच पाठ झाले होते. वडील तो आकडा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत आणि गेल्या महिन्यापेक्षा तो वाढलेला असला, तर रात्री जेवताना त्याचे कारण शोधले जाई.

आता वडील नाहीत आणि आई पेठेतल्या आमच्या जुन्या घरी एकटी राहते. तिथे मीटर नाही. वर्षाची ठरावीक पाणपट्टी येते; यंदा ती २,१०० रुपये आली. आईच्या डाव्या हाताच्या घरात नऊ माणसे आहेत आणि त्यांनाही तेवढीच आली. माझी आई तांदळाचे धुवण तुळशीला घालते आणि कपडे खळबळलेले पाणी बाथरूमसाठी ठेवते. मी महिनाभर बादल्या मोजल्या, तेव्हा तिचा वापर दिवसाला सुमारे ११० लिटर, म्हणजे महिन्याला सव्वातीन युनिटांच्या आसपास भरला. तिच्यासाठी मीटरचा अर्ज करावा, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी मीटर बसवला आहे आणि ज्यांनी जाणूनबुजून बसवला नाही, त्या दोघांनीही लिहावे, ही विनंती.

विश्रामबागवाला

ताई, आमच्याकडे सांगलीत अकरा वर्षे मीटर आहे. घरात आम्ही चौघे. शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते, असे धरून पाणी योजना आखतात. त्या हिशेबाने चौघांचे महिन्याला सोळा युनिट होतात आणि आमचा वापर सोळा-सतराच असायचा. तीन वर्षांपूर्वी तो अचानक बावीसवर गेला. आम्ही आधी मुलांना बोललो, मग कामाच्या मावशींना विचारले आणि दोन्हीकडे विनाकारण मने दुखावली. शेवटी प्लंबरने मीटरवरची छोटी लाल चांदणी दाखवली. टाकी भरून बॉल कॉक बंद झाला होता, घरातला एकही नळ सुरू नव्हता, तरीही ती चांदणी सावकाश फिरत होती. आम्ही घड्याळ लावून बसलो, तर तासाभरात साठ लिटर गेले. आमच्याकडे पाणी रोज तीन तास असते, म्हणजे दिवसाला एकशे ऐंशी लिटर जमिनीत जात होते.

ती गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या गंजलेल्या पाइपात, अळूच्या वाफ्याखाली निघाली. आमच्याकडचे अळू इतके का माजते, याचे आईला वर्षभर कौतुक वाटत होते. मीटर नसता, तर तो पाइप अजूनही तसाच गळत राहिला असता. माझ्या मते बिलापेक्षा मीटरचा हा उपयोग मोठा आहे.

कृष्णाकाठची

वडिलांची आठवण वाचून गलबलून आले. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांत मिळून एकच नळ होता आणि पाणी पहाटे यायचे. घागरींच्या रांगेत आजी माझा हात धरून उभी असायची. पाणपट्टी माणसांच्या संख्येने वाटायची की बिऱ्हाडांच्या, यावरून दर वर्षी मोठी माणसे बसून बोलत असत आणि शेवटी ज्यांच्या घरी बाळंतीण असेल, त्यांचा वाटा बाकीचे उचलत. मीटरविषयी मला सांगता येणार नाही, आमच्याकडे आजही ठोक पट्टीच आहे. पण आईंना माझा नमस्कार सांगा.

गोडोली नाका

अर्ज करण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे आपल्याकडे पाणी चोवीस तास येते की तासभर. जिथे पाणी तासभरच येते, तिथे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि त्यात हवा भरते. पाणी सुटले की ती हवा पुढे ढकलली जाते आणि मीटर तिच्यावरही फिरतो. मी स्वतः नळाखाली बादली ठेवून पाहिले आहे. आधी फुसफुस आवाज आला, मग नळाने दोन-तीन उचक्या दिल्या आणि पाण्याचा पहिला थेंब पडेपर्यंत मीटर चाळीस लिटर पुढे गेला होता. रोजचे चाळीस म्हणजे महिन्याला सव्वा युनिट. आमच्यासारख्या सहा माणसांच्या घराला त्याचे फारसे काही वाटत नाही, परंतु आपल्या आईंचा सगळा वापरच सव्वातीन युनिट असेल, तर ही वाढ एक तृतीयांशाहून अधिक होते. प्लंबरने मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातली हवा बाहेर सोडणारी झडप, बसवून दिल्यावर आमचा त्रास बराच कमी झाला.

सदरबझारची लेक

दादा, हे मला अजिबात माहीत नव्हते. आईकडे पाणी सकाळी सव्वासहाला येते आणि जेमतेम तासभर टिकते. तिचा नळही सुरुवातीला असाच फुसफुसतो. व्हॉल्व्ह बसवायचा असेल, तर मीटरबरोबरच बसवणे सोयीचे होईल का?

गोडोली नाका

होय, एकाच वेळी बसवावा. खड्डा दोनदा उकरावा लागत नाही. मात्र तो मीटरच्या आधी येत असल्यामुळे, पाणी देणाऱ्या कार्यालयाला आधी विचारून त्यांच्या माणसासमोरच बसवावा. नाहीतर मीटरशी छेडछाड केल्याचा संशय येऊ शकतो.

एक निवृत्त शिक्षक

माझा अनुभव कडू आहे. मीटरच्या काचेत आतून बाफ धरली आणि आकडे दिसेनासे झाले. आम्ही कुठल्या कार्यालयाचे ग्राहक आहोत, हे मी येथे लिहीत नाही. परंतु त्यानंतर पुढचे चौदा महिने आम्हाला सरासरीचे बिल आले आणि त्या सरासरीत माझ्या मुलीच्या लग्नाचा महिना धरला होता. घरात दोनच म्हातारी माणसे असताना आम्ही पंचवीस युनिटांचे पैसे भरत होतो. मी तीन अर्ज दिले. पहिल्या दोन अर्जांची पोच घेतली नाही, ही माझी चूक झाली. तिसऱ्या अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली, सोबत दर रविवारी काढलेले मीटरचे फोटो जोडले, तेव्हा मीटर बदलला गेला आणि जादा रक्कम पुढच्या बिलांत वळती झाली.

ताई, आपल्या वडिलांची दिनदर्शिकेवर आकडे लिहिण्याची पद्धत सोडू नका. अशा वादात ग्राहकाच्या हाती दुसरे काहीच नसते.

मिरज जंक्शन

२०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, ती मी स्थानकावर उभे राहून पाहिली आहे. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्या वेळी तो आकडा अफाट वाटला. आज वर विश्रामबागवाल्यांचे सोळा युनिट वाचले आणि कागदावर गणित केले, तर पाच लाख लिटर म्हणजे पाचशे युनिट, अर्थात चौघांच्या एका घराला जेमतेम अडीच वर्षे पुरेल एवढे पाणी. एका अख्ख्या शहराची तहान भागवायला निघालेली ती गाडी होती. मी आजवर मीटर घेतला नाही. पण हे गणित जमल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

यवतेश्वरचा पायथा

थोडा वेगळा विचार मांडतो, कोणी राग मानू नये. साताऱ्याला कास तलावाचे पाणी उताराने येते, तर उरमोडी नदीचे पाणी पंपाने उचलून आणावे लागते आणि त्याची वीज रोजच जळते. त्यामुळे पाण्याला मोल आहे आणि ते वापराप्रमाणे द्यावे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या नऊ माणसांच्या घराचा ताईंनी उल्लेख केला, तसेच माझे घर आहे. कमावते दोघे, शिकणारी चार मुले, आजी अंथरुणाला खिळलेली. तिची अंथरुणे-पांघरुणे रोज धुवावी लागतात. आम्ही पाणी उधळत नाही, तरी घराचा एकूण आकडा मोठाच येणार. जिथे युनिट वाढतील तसा पुढच्या टप्प्याचा दर चढतो, तिथे दर माणशी काटकसर करणारे मोठे कुटुंब वरच्या टप्प्यात जाते आणि दोघांचे सढळ हाताचे घर खालच्या टप्प्यात राहते. मीटरला घर दिसते, घरातली माणसे दिसत नाहीत. शिधापत्रिकेवरची माणसे मोजून टप्पे ठरवले, तर मी उद्याच मीटर बसवीन.

सदरबझारची लेक

काका, आपले म्हणणे मला पटले. मी आईच्या बाजूने विचार करताना शेजारच्या घराकडे पाहिलेच नव्हते. आजींची सेवा आपण करता आहात, त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

पूररेषा

मी सांगलीत नदीजवळ राहते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या पहिल्या मजल्याच्या पायरीला पाणी टेकले होते आणि नळाला मात्र थेंब नव्हता, कारण पाणी उपसणारे पंपच बुडाले होते. आम्ही सात माणसांनी गच्चीवरच्या टाकीतल्या हजार लिटरवर सहा दिवस काढले. पातेल्याने मोजून पाणी दिले जायचे आणि सासूबाई स्वतःचा वाटा मुलांना देत. पूर ओसरल्यावर मीटरच्या खड्ड्यातून घमेलेभर गाळ निघाला. मीटर बंद पडला होता, तो बदलावा लागला. म्हणून सखल भागात राहणाऱ्यांनी मीटर खड्ड्यात न ठेवता, परवानगी मिळत असेल तर, भिंतीवर उंच पेटीत बसवून घ्यावा.

विश्रामबागवाला

ज्यांच्याकडे मीटर नाही, त्यांनाही एक गळती घरच्या घरी शोधता येते. संडासच्या फ्लशच्या टाकीत चमचाभर नीळ टाकावी आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात निळी धार उतरलेली दिसली, तर आतला वायसर गेला आहे असे समजावे. ही गळती मीटरच्या चांदणीवरही दिसत नाही, कारण ते पाणी वरच्या टाकीतून जाते.

कृष्णाकाठची

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल कोणीच लिहिले नाही. आमच्याकडे एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे जवळपास तीन लिटर पाणी नळीतून बाहेर पडते. मी ती नळी बादलीत सोडली आहे आणि त्या पाण्याने रोजची फरशी पुसून होते.

सदरबझारची लेक

काल संध्याकाळी आईकडे जाऊन नीळ टाकून पाहिली. वीस मिनिटांतच भांड्यात बारीक निळी रेघ उतरली. माझ्या बादल्यांच्या हिशेबात हे पाणी कधी आलेच नव्हते. आईला फार वाईट वाटले; तांदळाचे धुवण जपणाऱ्या बाईच्या घरात रात्रंदिवस पाणी वाहत होते आणि तिला आवाजसुद्धा आला नाही. वायसर आज बदलून घेतला.

मीटरचा अर्ज सोमवारी देणार आहे आणि त्याची पोच शिक्क्यासह घेणार आहे. आई तयार झाली, मात्र तिची एक अट आहे. खड्डा तुळशीच्या बाजूला नको, पायरीजवळ हवा, म्हणजे तिला वाकून स्वतः आकडे वाचता येतील. जुन्या दिनदर्शिका तिने पोटमाळ्यावर जपून ठेवल्या होत्या, हे मला कालच कळले.