डोळ्यांतून पाणी गळतंय, तरी म्हणे डोळे कोरडे! (मदत हवी आहे)

प्रुफाताई:

नमस्कार मंडळी. मी प्रुफं वाचते, गेली एकोणीस वर्षं. म्हणजे अक्षरशः डोळ्यांत तेल घालून करायचं काम. आधी कागद आणि लाल पेन असायचं, करोनापासून सगळं पीडीएफवर आलं. वय ४७, प्रोग्रेसिव्ह चष्मा. यजमानांच्या बदलीमुळे दीड वर्षापूर्वी डोंबिवलीहून नागपूरला आलो.

तक्रार अशी की दुपारी तीनच्या सुमाराला ओळी धूसर व्हायला लागतात. दोनदा पापण्या मिटून उघडल्या की अनुस्वार आपापल्या जागी दिसतात, चार-पाच सेकंदांत पुन्हा पुसट. गेल्या महिन्यात एका कथेत 'त्याला वडिलांची चिंता होती' याचं 'चिता होती' होऊन छपाईला निघालं होतं. संपादकांनी पकडलं म्हणून वाचले. चिता आणि चिंता यांत टिंबाचाच फरक, हे लहानपणी ऐकलं होतं, पण ते असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कडा लाल होतात. आणि स्कूटीवर बसले की घळाघळा पाणी. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो तसाच आहे. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, "कोरडे डोळे" म्हणाले, थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. विचारायचं राहून गेलं ते इथे विचारते. पाणी गळतंय तर डोळे कोरडे कसे? हे थेंब आता जन्मभर घालायचे का? मैत्रीण गुलाबपाणी सुचवते, सासूबाई साजूक तूप. जाणकारांनी प्रकाश टाकावा (डोळ्यांवर नको, सहन होत नाही).

लिंबूसरबत:

ताई, आमची आजी मध घालायची. काही झालं नाही कुणाला. झोंबतो खूप, पण डोळे स्वच्छ होतात.

घारेडोळे:

लिंबूसरबत, आजीला नमस्कार सांगा, पण हे सुचवू नका. स्वयंपाकघरातला मध, तूप, बाटलीतलं गुलाबपाणी यांतलं काहीच निर्जंतुक नसतं. बुबुळावर जंतुसंसर्ग झाला तर नजरेवर बेततं. झोंबलं की पाणी येतं आणि पाणी आलं की बरं वाटतं, एवढीच त्यातली गंमत.

प्रुफाताई, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तुमचा पहिला प्रश्न बहुतेक पेशंट विचारतात. तुम्ही नागपुरात आहात म्हणजे तर्री ओळखीची असणार. तर्री-पोह्यांच्या रश्श्यावर तेलाचा थर असतो ना, तसाच डोळ्यातल्या पाण्यावरही एक अगदी पातळ तवंग असतो. सगळ्यात खाली चिकट म्युसिन, ते पाण्याला बुबुळावर धरून ठेवतं. मधे पाणी. वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं. तवंग नीट असेल तर पाणी टिकतं, विस्कटला की भराभर उडून जातं. बुबुळ उघडं पडलं की त्याच्या नसा बोंब मारतात आणि अश्रुग्रंथी एकदम बादली ओतते. ते पाणी गालावरून वाहून जातं, डोळ्यावर थांबत नाही. स्कूटीवर वाऱ्याने नेमकं हेच होतं.

आता उघडझापेबद्दल. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं, आणि जी मिटते ती पापणीही पुरती टेकत नाही. ग्रंथींतलं तेल बाहेर यायला पापणीवर पापणी टेकून दाब पडावा लागतो. प्रुफं वाचणारा माणूस तर टिंब सुटेल या धास्तीने पापणी लववतच नसणार!

मला काही गोष्टी सांगा. रोजची एखादी गोळी आहे का? स्क्रीन डोळ्यांच्या किती वर-खाली आहे? पंखा, एसी, कूलर कुठल्या बाजूला? तोंड कोरडं पडतं का, सांधे धरतात का? आणि काजळ?

कोरडवाहू:

+१. मी आयटीवाला, पुण्यात. एसीचा झोत थेट तोंडावर यायचा. जागा बदलून मागितली, पंधरा दिवसांत निम्मा त्रास गेला. त्याआधी निळ्या प्रकाशाचा चष्मा घेऊन पैसे घालवले, त्याने काडीचाही फरक पडला नाही.

वऱ्हाडी_ठेचा:

ताई, डोंबिवलीच्या दमट हवेतून आमच्या नागपुरात आल्या तुम्ही, डोळे तर बोलतीलच ना! इथे मे महिन्यात दोरीवरची साडी अर्ध्या तासात पापडावानी कडक होते. कूलर लावा, हवा ओली राहते, पण तोंडासमोर नका ठेवू. आणि जवसाची चटणी खात जा, डोळ्यांसाठी चांगली म्हणतात.

शंकेखोर:

चटणीच्या निमित्ताने. ओमेगा-३ चा बराच गवगवा आहे. २०१८ साली अमेरिकेत 'ड्रीम' नावाची मोठी चाचणी झाली. पाचशेहून जास्त लोक, वर्षभर, एका गटाला रोज ३००० मिलिग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-३, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. बरं दोघांनाही वाटलं, पण दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. तेव्हा चटणी जरूर खा, चवीसाठी.

अवांतर: लाली घालवणारे थेंब औषधांच्या दुकानात सहज मिळतात. ते शिरा आकसवतात, असर उतरला की डोळे आणखी लाल. आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचे स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात घालू नका, काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्हींना आमंत्रण.

प्रुफाताई:

सगळ्यांचे आभार. घारेडोळे, तुमचे प्रश्न वाचून मीच चमकले. इथल्या धुळीने शिंका यायच्या म्हणून नागपूरला आल्यापासून रोज रात्री सेटिरिझिन घेते. डॉक्टरांना सांगितलंच नाही, सर्दीची गोळी म्हणजे काय औषध आहे का! तोंड जरा कोरडं पडतं, सांधे ठीक. पाळी गेल्या वर्षापासून अनियमित आहे. काजळ रोज, आतल्या कडेला. मान दुखायची म्हणून मॉनिटर दोन जाडजूड शब्दकोशांवर ठेवलाय, त्यामुळे किंचित वर बघून वाचते. कूलर समोरच्या खिडकीत. एवढं लिहिल्यावर उत्तर मलाच दिसायला लागलंय.

घारेडोळे:

अहो, पेपर आधीच फुटला म्हणायचा. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी अश्रू कमी होऊ शकतात, तोंड कोरडं पडणंही त्यातलंच असेल. पाळी जायच्या वयात हा त्रास बायकांना जास्त होतो. वर बघितलं की डोळा जास्त उघडा राहतो आणि पाणी लवकर उडतं, स्क्रीनचा मध्य नजरेच्या जरा खाली हवा. आतल्या कडेचं काजळ म्हणजे तेलाच्या ग्रंथींच्या तोंडावरच लेप.

गोळी मात्र मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. थेंबांच्या बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. हे टिकवण्याचं रसायन बुबुळाला त्रास देतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालावे लागत असतील तर त्याविना मिळणारे घ्यायचे.

गोळी बदलूनही तोंड कोरडंच राहिलं आणि पुढे सांधेही धरायला लागले तर श्योग्रेन नावाचा आजार तपासतात. आत्ता घाबरू नका. पण डोळा ठणकला, उजेड सोसेना किंवा एकाएकी कमी दिसायला लागलं तर धागा उघडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रुफाताई:

मंडळी, सात आठवड्यांनी येतेय. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, या वेळी प्रश्न कागदावर लिहून. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. दोन्ही डोळ्यांतून पांढऱ्या शेपट्या लोंबताहेत अशी मी, समोरचं बाळ माझ्याकडे बघून रडायला लागलं. पट्टी उजवीकडे १२ मिलिमीटर भिजली, डावीकडे ११. दहाच्या वर म्हणजे पाणी बेतास बात आहे. मग डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, पापणी हलवायची नाही. चौथ्या सेकंदालाच पाण्याचा थर फाटला, दहा तरी टिकायला हवा होता. पापणीची कडा दाबली तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट काहीतरी आलं. म्हणजे इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, आणि कमी काय पडलं तर तेल!

उपाय साधा आहे, चिकाटीचा. सकाळ-संध्याकाळ मिटल्या डोळ्यांवर गरम रुमाल, दहा मिनिटं. रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून दोन ठेवलेत, एक डोळ्यांवर आणि एक गरम पाण्यात. आधी मनगटावर लावून बघते. मग कडेकडे हलका मसाज. थेंब आहेत, रसायनाविना मिळणारे. महाग पडतात, पण आता ते सहावरून तीनवर आलेत. सेटिरिझिनऐवजी डॉक्टरांनी नाकातला स्प्रे दिला. कूलर बाजूच्या खिडकीत गेला. काजळ सुटलं नाही, फक्त बाहेरच्या कडेला आलं. प्रत्येक परिच्छेद संपला की डोळे पुरते मिटते, दोन आकडे मोजते, मग पुढे. आधी कामाचा वेग कमी झाला, आता सवय झालीय.

पूर्ण बरं नाही. लग्नाच्या मांडवात धूर झाला की अजून गळतं. पण तीन वाजता टिंबं जागेवर असतात.

शब्दकोश परत कपाटात गेलेत. मान पुन्हा दुखायला लागली तर वेगळा धागा काढते.