मदत हवी आहे: हा पीक (आलेखातला उंचवटा) खरा टीएसएस (आरएनए बनायला जिथून सुरुवात होते ती जागा) की टेक्स एन्झाइमचा घोळ?
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. इथल्या द्राक्षबागेच्या मातीतल्या स्युडोमोनास जिवाणूचं टीएसएस मॅपिंग चालूय, अर्धा आरएनए टेक्स एन्झाइम घालून, अर्धा तसाच. टेक्स ५ प्राइम टोकाला एकच फॉस्फेट असलेले तुकडे खातं, ट्रायफॉस्फेटवाले प्रायमरी (नव्याने बनलेले, न तुटलेले) उरतात, इथवर ठीक. पण एका जीनच्या मधोमध टेक्सवाल्या लायब्ररीत (सिक्वेन्सिंगसाठी केलेल्या नमुन्यात) चांगला उंच पीक येतोय आणि मागे -१० ला (सुरुवातीच्या साधारण १० अक्षरं आधी) टीएटीएएटीसारखी प्रमोटरची खूण काहीच नाही, सिग्मा ५४ (पॉलिमरेजला प्रमोटर ओळखायला लावणारं प्रोटीन) चे -२४ चे जीजी, -१२ चे जीसीपण नाहीत, मग हा इंटर्नल (जीनच्या आतला) टीएसएस धरायचा की आरएनएच्या घडीत टेक्स अडकलंय? सर म्हणतात सोडून दे, मला नाही पटत. आरपीपीएच (ट्रायफॉस्फेटचं एकच फॉस्फेट करणारं एन्झाइम) घालून आणि न घालता ५ प्राइम रेस (आरएनएचं ५ प्राइम टोक नेमकं शोधायची पद्धत) केली तर कळेल ना? कोणी केलंय का, प्लीज सांगा.