रात्री धुवा, सकाळी तयार? जुलैत कोकणात येऊन दाखवा

देवरुखची मास्तरीण: परवा एका पुणेकर ताईंची पोस्ट वाचली. 'नोकरीचं निमित्त सांगून डिस्पोजेबल डायपर वापरणं हा शुद्ध आळस. कापडी रात्री धुवा, सकाळी तयार.' ताई, आमच्या पडवीत कापडी डायपरच्या आत घालायचा मायक्रोफायबरचा इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणारी जाड पट्टी, तिसऱ्या दिवशीही दमट असते, वर कुबट वास. लाईट गेली की पंख्याचाही आधार नाही. मे महिन्यात ऊन असतं, तर विहिरीने तळ गाठलेला. मला सकाळची एसटी गाठायची असते, बाळ सासूबाईंकडे. म्हणून दिवसा डिस्पोजेबल. आळशी म्हणा खुशाल.

गुहागरची आजी: आम्ही नाही का पोरं वाढवली? शेगडीवर बुरडाची टोपली पालथी घालायची, वर लंगोट पसरायचे. निखाऱ्यावर तासाभरात कडकडीत. एकाच्याही ढुंगणाला पुरळ नाही.

सातबारा: आजी, शेगडीपाशी बसायला घरात चार बायका होत्या, ते पण लिहा की.

गुहागरची आजी: चार कुठल्या? मी एकटी, आणि दोन म्हशी. तोंड सांभाळून.

बँकवाली रत्नांग्री: मास्तरीणबाई, मायक्रोफायबर घेतलंत तिथेच घोळ झाला. जाड शिवलेलं काही घेऊच नका. मलमलचा मोठा चौकोन घ्या, घडी घालून कव्हरमध्ये, म्हणजे वरच्या ओल न झिरपणाऱ्या चड्डीत, ठेवा. धुताना उलगडला की एकपदरी, घरात दोरीवरही वाळतो. वासाचं सॉफ्टनर घालू नका, कापड पाणी शोषेनासं होतं. मी नोकरी सांभाळून हेच करते. रात्री मात्र डिस्पोजेबल, खोटं कशाला बोलू.

पऱ्याकाठचा: वाळण्याचं काय घेऊन बसलात? गणपती झाले की आमच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, या बघायला. चाकरमानी गाडीची काच खाली करून पुलावरून वापरलेल्या डायपरची पिशवी भिरकावतात. कुत्री फाडतात, आतली जेल फुगून खडकाला चिकटते. गेल्या वर्षी मी स्वतः काठीने काढली. 2016 च्या घनकचरा नियमांत नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचं लिहिलं होतं. कोण देतो?

डोंबिवलीकर: आलं, चाकरमान्यांवर आलं! घरपट्टी आम्हीपण भरतो. द्यायचं कुणाकडे? घंटागाडी बाजारपेठेत फिरते, वाडीत येते का? आणि बारा महिने गावात राहणारे काय डायपर खातात?

पऱ्याकाठचा: मग परत घेऊन जा डोंबिवलीला. फणस नेता ना डिकीतून?

डोंबिवलीकर: फणस आमच्या झाडाचा आहे.

कुडाळकार: ह्या झगड्यात पोराची चड्डी ऱ्हवली बाजूक!

सातबारा: पर्यावरणवाल्यांसाठी: ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा 2008 चा अहवाल वाचा. कापडी चांगलं की नाही, हे धुता-वाळवता कसं त्यावर ठरतं. गरम पाणी, ड्रायर वापरलात तर फायदा गेला.

बँकवाली रत्नांग्री: अर्धाच सांगितलात. दोरीवर वाळवलं, मशीन भरून लावलं आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरलं तर कापडी पुढे जातं, हेही त्यातच आहे. आपल्याकडे ड्रायर आहे कुणाच्या घरी?

सातबारा: बरं, दिलं तुम्हाला. पण धुवायचं कुणी? अहवालात मशीन धुतं, इथे सासू धुते. एकाही बाप्याने या धाग्यावर 'मी धुतो' लिहिलेलं नाही.

पऱ्याकाठचा: मी पऱ्यातले काढले ना!

देवरुखची मास्तरीण: दुसऱ्याच्या पोराचे. टाळ्या. बँकवाल्या ताई, मलमलचं पटलं, तेही तुम्ही रात्रीचं खरं बोललात म्हणून. पण माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याकडून दिवसभर लंगोट धुवून घेऊन मी पर्यावरण वाचवणार नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सुट्टीच्या दिवशी वापरून बघते. कव्हरला आतून इलॅस्टिक असतं तिथे मांडीला काचतं का, एवढं सांगा. आणि फणसाचं भांडण दुसरीकडे न्या.