मदत हवी आहे : अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या मुलांचा सन्मान, पण त्यांना झळ न लागता

येत्या २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीदिनी, कोल्हापुरातील आमचे वाचनालय सामाजिक अन्यायाविरुद्ध उघडपणे बोललेल्या १५ ते २० वयोगटातील पाच मुलामुलींचा सन्मान करणार आहे. ज्या जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तिथे अशी मुले नसतील असे मानणे चूक ठरेल. तरीही महाविद्यालयांना पत्रे पाठवल्यावर बहुतेक वक्तृत्व स्पर्धांतील विजेत्यांचीच नावे आली. चांगले बोलणे आणि किंमत मोजून बोलणे यांतला फरक आमच्या पत्रातच स्पष्ट नव्हता. नंतर अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे चौकशी केली, तेव्हा हवी ती नावे मिळाली.

अडचण पुढे आहे. त्यांपैकी एका मुलीने १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवून शेजारच्या घरातला बालविवाह थांबवला. ती आणि तिचे आईवडील सन्मानाला तयार आहेत. पण ती अजून सज्ञान नाही, दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत, आणि तिचे नाव जाहीर झाले की त्या दुसऱ्या मुलीची ओळखही आपोआप उघड होईल, याची मला अधिक काळजी वाटते. नाव न घेता सन्मान करावा, तर तिचे धैर्य आपणच झाकून टाकल्यासारखे होते.

शाल-श्रीफळाऐवजी पुस्तके आणि वर्षाचे शैक्षणिक शुल्क द्यायचे ठरले आहे, त्यामुळे भेटवस्तूंविषयी सूचना नकोत. ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी कृपया सांगावे : अल्पवयीनांच्या बाबतीत संमतीपत्रात नेमके काय लिहून घेता, आणि कार्यक्रमानंतर त्रास झाल्यास त्या मुलीच्या पाठीशी कोणी व किती काळ उभे राहायचे, हे आधीच कसे ठरवता?