प्रतिसाद: युद्धकाळ आणि राष्ट्राध्यक्षांचे अधिकार

युद्धकाळात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे अधिकार आपोआप वाढतात, हे मत मला पटत नाही. कोरियन युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, संप टाळण्यासाठी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. संप लांबणीवर टाकण्यासाठी काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) १९४७ मध्येच करून ठेवलेल्या कायद्याची वाट मात्र त्यांनी धरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जून रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती कारवाई बेकायदा ठरवली, आणि गंमत म्हणजे नऊच्या नऊ न्यायमूर्ती आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनीच नेमलेले होते. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी स्वतंत्र निकालपत्रात केलेली मांडणी मला सर्वांत मोलाची वाटते: काँग्रेसची संमती असेल तेथे राष्ट्राध्यक्षांची सत्ता सर्वाधिक, ती गप्प असेल तेथे संदिग्ध, आणि तिच्या इच्छेविरुद्ध असेल तेथे सर्वांत क्षीण. काँग्रेसने कायद्याने आखून दिलेली वाट सोडल्यामुळे ट्रुमन तिसऱ्या खणात सापडले.