मदत हवी आहे : बलूनवरील क्ष-किरण ध्रुवणमापनात ठिपका ढळल्याचा परिणाम कसा वगळतात?

नमस्कार. एक्सएल-कॅलिबर ही क्ष-किरणांचे ध्रुवण (त्यांच्या विद्युतक्षेत्राच्या कंपनाची ठरावीक दिशा) मोजणारी दुर्बीण जुलै २०२४ मध्ये स्वीडनमधील किरुनाजवळच्या एस्रेंज तळावरून बलूनने सुमारे ४० किलोमीटर उंचीवर गेली आणि उत्तर कॅनडात उतरण्यापूर्वी तिने क्रॅब तेजोमेघ व सिग्नस एक्स-१ (कृष्णविवर असलेली ताऱ्यांची जोडी) यांचे निरीक्षण केले. तिचा आरसा उच्च ऊर्जेचे क्ष-किरण १२ मीटर अंतरावरील बेरिलियमच्या कांडीवर एकवटतो. तेथून विखुरणारे फोटॉन विद्युतक्षेत्राला लंब दिशेने अधिक जातात आणि कांडीभोवतीचे शोधक (डिटेक्टर) त्यांची नोंद घेतात. हा शोधकसंच सतत फिरता ठेवल्यामुळे निरनिराळ्या शोधकांच्या संवेदनशीलतेतील फरक सरासरीत मिटतात, ही योजना मला अतिशय सुंदर वाटते.

माझी अडचण त्यापुढची आहे. आरसा व शोधक यांना जोडणारा सांगाडा किंचित वाकून किरणांचा ठिपका कांडीच्या मध्यापासून सरकला, तर मोजणीत ३६० अंशांच्या आवर्तनाची असमानता येते, हे समजते. परंतु तिचा काही अंश ध्रुवणाच्या १८० अंशांच्या आवर्तनातही मिसळतो, आणि ठिपका आकाशाच्या संदर्भात एकाच बाजूला ढळलेला राहिल्यास शोधक फिरवूनही तो जात नाही. तो वेगळा कसा काढतात? ३६० अंशांच्या आवर्तनावरून ठिपक्याचे स्थान काढून त्यानुसार दुरुस्ती करणे पुरेसे असते, की उड्डाणापूर्वी अध्रुवित स्रोतावर केलेली चाचणी अपरिहार्य ठरते? अशा उपकरणाच्या नोंदींवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.