क्वेबेकचं ‘नेशन’ मराठीत कसं आणायचं?

बोरूबहाद्दर : कॅनडावरच्या लेखाचं भाषांतर करतोय. क्वेबेक हा तिथला फ्रेंचभाषक प्रांत. २७ नोव्हेंबर २००६ रोजी तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २६५ विरुद्ध १६ मतांनी ठराव केला : क्वेबेकवासी हे एकसंध कॅनडातलं एक ‘नेशन’ आहेत. मी ‘राष्ट्र’ लिहिलं. संपादकांनी समासात लाल शाईने विचारलं, ‘क्वेबेक फुटून निघालं का?’ शिवाय तिथल्या विधिमंडळाचं नाव १९६८ पासून ‘नॅशनल असेंब्ली’. ‘राष्ट्रीय सभा’ म्हणावं तर मराठी वाचक थेट टिळकांच्या काँग्रेसमध्ये!

घाटाखालची : ‘लोकसमूह’ लिहा की.

बोरूबहाद्दर : लोकसमूह जत्रेतही असतो हो. या ठरावावरून एका मंत्र्याने राजीनामा दिला. लोकसमूहापायी कोण खुर्ची सोडतं?

पाणिनीचा पुतण्या : ‘राष्ट्र’च लिहा. वेदांतला शब्द आहे, ‘अहं राष्ट्री संगमनी वसूनाम्’. संपादकांना समजत नसेल तर तो शब्दाचा दोष नव्हे.

उंटावरचा : तिथे ‘राष्ट्री’ म्हणजे राज्य करणारी, राणी. धातू राज्. म्हणजे आपल्या ‘राष्ट्रा’च्या मुळाशी सत्ता, आणि ‘नेशन’च्या मुळाशी लॅटिनमधला जन्म. जन् धातूवरून आपल्याकडे काय? जाती! बंगालीने नेमकं तेच उचललं. अलीपूरला नॅशनल लायब्ररीची ‘जातीय ग्रंथागार’ ही पाटी वाचून आमचे काका फाटकातच थबकले होते. ‘पुस्तकांचीसुद्धा जातवार कपाटं?’

पाणिनीचा पुतण्या : बंगाल्यांचं बंगालपाशी. क्वेबेकवाल्यांना मराठीत ‘जात’ म्हणून बघा, उद्या दाखला मागतील.

रिकामटेकडी : मुळं उकरून काय मिळणार? १८८२ मध्ये पॅरिसला सॉर्बोनच्या व्याख्यानात फ्रेंच विचारवंत रनाँने वंश, भाषा, धर्म सगळं बाजूला सारलं आणि राष्ट्र म्हणजे रोज घेतलेलं सार्वमत म्हटलं. राष्ट्रवादाचा अभ्यासक गेल्नर तर म्हणतो, आधी राष्ट्रवाद, मग त्यातून राष्ट्र. जन्माचा धातू तिथे काय कामाचा? वापरात ‘राष्ट्र’ आहे, एक तळटीप द्या आणि मोकळे व्हा.

उंटावरचा : ज्या शब्दाला तळटीप लागते तो वापरात आहे असं कसं म्हणायचं?

घाटाखालची : मग साधा ‘देश’ का नको? अर्थात त्यातही गोम आहे. राजापूरची आमची आजी ‘थोरला देशावर असतो’ म्हणायची. लहानपणी मला वाटायचं मामा विलायतेत आहे. होता कराडला.

रिकामटेकडी : राजापूरला ‘देशावर’? आमच्याकडे ‘घाटावर’च म्हणतात.

घाटाखालची : दोन्ही म्हणतात. बाजाराला घाटावर जायचं, कायमचं राहायला गेलं की देशावर.

पाणिनीचा पुतण्या : हा भेद कुठल्या कोशात आहे?

घाटाखालची : आजीच्या.

बोरूबहाद्दर : मंडळी, लेख आज द्यायचाय. तूर्त ‘नेशन’ तसंच ठेवलंय, अवतरणात.

रिकामटेकडी : पण वैभववाडीकडे तर ‘वर गेलाय’ एवढंच म्हणतात ना?